वकिलाविना लिहिलेले मृत्युपत्र
(आल्फ्रेड नोबेल यांच्या दानाची चरित्रकथा)

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या पानांत स्फोटकांच्या एका कारखानदाराचे चरित्र पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने डायनामाइटच्या जनकाकडून काय घ्यावे, असा प्रश्न विचारला जाणेही स्वाभाविक आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय डायनामाइट नसून एक दस्तऐवज आहे. कोणतीही विश्वस्त संस्था कोणाच्या तरी दानातून उभी राहते आणि ते दान कोणत्या तरी कागदावर लिहिलेले असते. जगातील सर्वांत प्रसिद्ध दानाचा कागद फार थोड्यांनी बारकाईने पाहिला असेल. तो कागद लिहिताना त्याच्या कर्त्याने वकिलाचा सल्ला घेतला नाही, आणि त्यामुळे ते दान जवळजवळ साडेतीन वर्षे अधांतरी लोंबकळत राहिले, ही हकीकत तर त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे.

आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. वडील इमानुएल हे कल्पक यंत्रज्ञ होते. पण व्यवहारात त्यांना यश येत नव्हते आणि आल्फ्रेडच्या जन्माच्या सुमारास त्यांचे दिवाळे निघाले होते. नशीब काढण्यासाठी ते प्रथम फिनलंडला व तेथून रशियात गेले. १८४२ मध्ये पत्नी व मुले त्यांच्यामागे सेंट पीटर्सबर्गला पोहोचली. त्या वेळी आल्फ्रेड अवघे नऊ वर्षांचे होते. त्या वयात सुटलेले स्वीडनमधील घर पुढे न्यायालयात किती महत्त्वाचे ठरणार होते, याची कोणाला कल्पना असणार!

पीटर्सबर्गला वडिलांनी रशियन नौदलासाठी पाणसुरुंग बनवून चांगला जम बसविला. मुलांना घरीच उत्तम शिक्षक मिळाले. सतरा वर्षांचे होईपर्यंत आल्फ्रेड यांना स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी व जर्मन अशा पाच भाषा अवगत झाल्या. क्रिमियाचे युद्ध १८५६ मध्ये संपताच सरकारी मागणी आटली आणि वडिलांचे दुसऱ्यांदा दिवाळे निघाले. आल्फ्रेड १८६३ मध्ये स्वीडनला परतले आणि नायट्रोग्लिसरीन या अतिशय चंचल द्रव स्फोटकाच्या मागे लागले. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथे त्यांच्या प्रयोगशाळेत प्रचंड स्फोट झाला. त्यात धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही जण मृत्युमुखी पडले. शहराच्या हद्दीत हा पदार्थ बनविण्यास बंदी झाली, तेव्हा नोबेल यांनी सरोवरातील एका तराफ्यावर काम चालू ठेवले. पुढे सच्छिद्र मातीत हा द्रव मुरवून तो हाताळण्याजोगा करण्याची युक्ती त्यांना सापडली. हेच डायनामाइट होय. त्याचे पेटंट १८६७ चे आहे. बोगदे, कालवे, रेल्वेमार्ग आणि खाणी यांच्या त्या युगात त्याला अफाट मागणी आली. अखेरपर्यंत त्यांच्या नावावर ३५५ पेटंटे जमा झाली आणि त्यांचे कारखाने अनेक देशांत पसरले.

माणूस मात्र एकाकी होता. विवाह झाला नाही. १८७३ पासून पॅरिसमध्ये त्यांचा मोठा बंगला होता, पण आयुष्य आगगाडीत आणि प्रयोगशाळेत गेले. एका फ्रेंच सहकाऱ्याच्या उद्योगांमुळे त्यांना मोठा आर्थिक फटका बसला. धूर न करणाऱ्या दारूचे हक्क इटलीला विकल्यामुळे फ्रेंच सरकार व वृत्तपत्रे त्यांच्यावर उलटली. अखेर १८९१ मध्ये ते इटलीतील सान रेमो या समुद्रकाठच्या गावी राहण्यास गेले. १८९४ मध्ये त्यांनी स्वीडनमधील बोफोर्सचा कारखाना विकत घेतला. हे तेच बोफोर्स, ज्याचे नाव १९८७ नंतर आपल्याकडे निराळ्याच कारणाने घरोघरी पोहोचले. कारखान्याजवळच ब्योर्कबोर्न नावाची वाडी होती. उन्हाळ्यात ते तेथे येऊन राहू लागले व त्यांनी तेथे उमदे रशियन घोडेही आणवून ठेवले. हे घोडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

वकील या वर्गाविषयी नोबेल यांच्या मनात अढी होती. त्याला कारणेही होती. पेटंटांच्या रक्षणासाठी त्यांना देशोदेशी खटले लढावे लागले. कॉर्डाइट या धूरविरहित दारूसंबंधी इंग्लंडमध्ये चाललेला खटला तर वरिष्ठ न्यायपीठापर्यंत जाऊन १८९५ मध्ये त्यांच्या कंपनीच्या विरुद्ध गेला. ज्या दोन इंग्रज शास्त्रज्ञांशी त्यांनी विश्वासाने चर्चा केली होती, त्यांनीच किंचित फरक करून तोच पदार्थ स्वतःच्या नावे नोंदविला, ही त्यांची खंत होती. दाव्यातील शब्दांचा कीस निघाला आणि न्याय मात्र हाती आला नाही, अशी त्यांची भावना झाली. एवढा मोठा अनुभव गाठीशी असता, शब्द नेमके नसले तर काय होते, हा धडा त्यांनी घ्यावयास हवा होता. त्यांनी घेतला तो दुसराच: वकिलाला जवळ येऊ द्यायचे नाही.

थोरले बंधू लुडविग १८८८ मध्ये निवर्तले, तेव्हा एका फ्रेंच वृत्तपत्राने चुकून आल्फ्रेड यांचाच मृत्युलेख छापला व त्यात त्यांना मृत्यूचा व्यापारी ठरविले. तो वाचून त्यांचे मन पालटले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा आकर्षक आहे. तथापि त्यांचे दान एका सकाळी सुचलेले नाही, हे त्यांच्या कागदांवरून दिसते. पहिले मृत्युपत्र १८८९ मधील, दुसरे १८९३ मधील आणि तिसरे १८९५ मधील आहे. दुसऱ्यात नातलगांना व स्नेह्यांना बऱ्यापैकी वाटा होता आणि उरलेल्यापैकी मोठा भाग स्वीडनच्या विज्ञान अकादमीला जाणार होता. म्हणजे दान घेणारी संस्था अस्तित्वात होती, तिचे नाव होते, तिला कायद्याने मिळकत धारण करता येत होती. ही रचना सोपी होती. तिसऱ्या मृत्युपत्राने ती रद्द केली.

२७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील स्वीडिश-नॉर्वेजियन क्लबात नोबेल यांनी स्वहस्ते स्वीडिश भाषेत लिहिलेल्या या मृत्युपत्रावर सही केली. चार स्वीडिश साक्षीदारांनी त्यावर सह्या केल्या. त्यांत वकील एकही नव्हता. आरंभी पुतणे, पुतण्या, जुने नोकर, माळी, काही स्नेही यांना ठराविक रकमा किंवा वार्षिक नेमणुका दिल्या होत्या. एमानुएल या पुतण्यास ३ लाख क्रोनर, यालमार व लुडविग यांना प्रत्येकी २ लाख. त्यानंतर मोजक्या ओळींत उरलेल्या सर्व मिळकतीची वाट लावली होती. एक्झिक्युटरांनी सर्व मालमत्तेचे रोखीकरण करून ती सुरक्षित रोख्यांत गुंतवावी, त्याचा एक निधी व्हावा, आणि त्याच्या व्याजाचे पाच समान भाग करून मागील वर्षात मानवजातीचे सर्वाधिक कल्याण करणाऱ्यांना ते द्यावेत. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव हे ते पाच विषय. राष्ट्रीयत्व पाहू नये, ही अटही त्यात होती. अखेरीस देहाविषयी सूचना होती: मृत्यूनंतर शिरा उघडाव्यात, मृत्यूची डॉक्टरांनी खात्री करावी आणि मग दहन करावे. जिवंतपणी पुरले जाण्याची त्यांना भीती वाटत असे.

विचार उदात्त, अक्षर सुवाच्य, साक्षीदार पुरेसे. बाह्य स्वरूपात दोष नव्हता. तो आशयात होता. ज्या निधीला सर्वस्व दिले, तो निधी अस्तित्वातच नव्हता. तो कोणी स्थापावा, त्याचे विश्वस्त कोण, त्याच्या नावे मिळकत कोण धारण करणार, याबद्दल एक शब्दही नव्हता. पारितोषिकविजेते निवडण्याचे काम स्वीडनची विज्ञान अकादमी, कारोलिन्स्का वैद्यकीय संस्था आणि नॉर्वेच्या संसदेने निवडलेली पाच जणांची समिती यांच्यावर टाकले होते, पण त्यांपैकी कोणालाही विचारलेले नव्हते. साहित्याच्या बाबतीत तर केवळ स्टॉकहोममधील अकादमी एवढेच लिहिले होते. स्टॉकहोममध्ये अकादम्या अनेक. नोबेल यांना स्वीडिश अकादमी अभिप्रेत असावी, असा अर्थ पुढे लावावा लागला. एखाद्या साधारण सॉलिसिटरनेही हा मसुदा अर्ध्या तासात दुरुस्त करून दिला असता, असे म्हणण्यास हरकत नाही.

एक्झिक्युटर म्हणून दोघांची नावे होती. राग्नार सूलमन हे त्यांचे तरुण सहायक रसायनतज्ज्ञ. रुडॉल्फ लिल्येक्विस्ट हे अभियंता, ज्यांचा नोबेल यांच्याशी परिचय अगदी अल्प होता. या दोघांनाही आपली नेमणूक झाल्याचे मृत्युपत्र उघडल्यावरच कळले.

१० डिसेंबर १८९६ रोजी पहाटे सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने नोबेल यांचे निधन झाले. अखेरच्या तासांत त्यांची वाचा बरीचशी गेली आणि जे बोलता येत होते ते बालपणीच्या स्वीडिश भाषेत. भोवतालच्या नोकरांना ती समजत नव्हती. पाच भाषा जाणणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द कोणालाच कळले नाहीत. तार मिळताच सूलमन बोफोर्सहून निघाले, पण पोहोचेपर्यंत सर्व आटोपले होते. मृत्युपत्र स्टॉकहोमच्या एका बँकेत ठेवलेले होते. ते उघडले गेले आणि १८९७ च्या जानेवारीत त्यातील मजकूर वृत्तपत्रांत आला.

मग वादळ उठले. एकूण मिळकत ३ कोटी १० लाख क्रोनरहून अधिक होती आणि ती स्वीडन, नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, ब्रिटन, इटली व रशिया इतक्या देशांत विखुरलेली होती. स्वीडनमधील पुतण्यांना आपल्यावर अन्याय झाल्याचे वाटले, आणि मागील मृत्युपत्राशी तुलना करता तसे वाटणे अगदीच अनाठायी नव्हते. काकांनी हयातीत त्यांना विश्वासात घेऊन चार शब्द सांगितले असते तर कडवटपणा टळला असता. वृत्तपत्रांतूनही टीका झाली. स्वीडनचा पैसा परकीयांना का, आणि शांततेचे पारितोषिक नॉर्वेच्या हाती का, असे प्रश्न विचारले गेले. त्या काळी दोन्ही देश एका राजाखाली होते आणि संबंध ताणलेले होते. राजे दुसरे ऑस्कर यांनाही हे दान रुचले नाही. विज्ञान अकादमीने मृत्युपत्र वैध ठरेपर्यंत चर्चेसाठी प्रतिनिधी देण्याचेही नाकारले. नॉर्वेच्या संसदेने मात्र २६ एप्रिल १८९७ रोजी जबाबदारी स्वीकारली.

सूलमन त्या वेळी केवळ सव्वीस वर्षांचे होते. कायद्याचे ज्ञान नाही, एवढ्या मोठ्या रकमेचा अनुभव नाही. त्यांनी पहिली गोष्ट केली ती, दिवंगत मालकाने जी टाळली तीच: चांगला वकील गाठला. स्टॉकहोमच्या अपील न्यायालयात काम केलेले कार्ल लिंडहागेन हे स्वीडनमधील कामासाठी नेमले गेले. फ्रान्समधील बाबींसाठी तेथील वकिलाचा सल्ला घेण्यात आला. या तरुणाची समज येथे दिसते.

सर्वांत कठीण प्रश्न निघाला तो नोबेल यांचे कायदेशीर घर कोणते हा. नवव्या वर्षी स्वीडन सोडलेला, रशिया, जर्मनी, फ्रान्स, इटली येथे राहिलेला हा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोठला? पॅरिसचा बंगला अजून त्यांच्याच मालकीचा होता. फ्रेंच न्यायालयाने त्यांचे घर पॅरिस ठरविले असते तर फ्रेंच कायद्याने मृत्युपत्र तपासले गेले असते, जबर कर बसला असता आणि अस्तित्वात नसलेल्या निधीला दिलेले दान बहुधा कोसळले असते. येथे ते घोडे उपयोगी पडले. माणसाचे खरे घर तो आपले गाडीचे घोडे जेथे बांधतो तेथे, अशी फ्रेंच विचारसरणी पॅरिसच्या वकिलाने सांगितली, असे म्हणतात. घोडे ब्योर्कबोर्नला होते. म्हणून बोफोर्स हे घर, आणि त्या भागाचे कार्ल्सकूगा येथील लहानसे न्यायालय हे योग्य न्यायालय, ही भूमिका घेतली गेली व अखेर तीच टिकली.

परंतु निकालाची वाट पाहत बसणे धोक्याचे होते. पॅरिसच्या बँकांत लक्षावधींचे रोखे पडून होते आणि वारसांनी जप्ती आणली तर सारे अडकणार होते. स्वीडनच्या पॅरिसमधील वाणिज्यदूतांनी, एक्झिक्युटरांना स्वीडिश कायद्याने पूर्ण अधिकार आहेत, असे प्रमाणपत्र दिले. त्याच्या बळावर सूलमन यांनी रोखे बँकेतून काढले, पेट्यांत भरले आणि भाड्याच्या घोडागाडीतून, हाताशी पिस्तूल ठेवून, दूतावासात नेले. तेथे गठ्ठे बांधून ते विमा उतरवून रेल्वेने लंडन व स्टॉकहोमकडे रवाना होत. एका दिवशी ठराविक रकमेपर्यंतच विमा मिळत असल्यामुळे हे काम रोज थोडे थोडे चाले. गंमत अशी की, नेमक्या त्याच दिवसांत पुतणे यालमार व लुडविग हे पॅरिसमध्येच येऊन वकिलांशी मसलत करीत होते. काम पुरे झाल्यावर वाणिज्यदूतांनी भोजनप्रसंगी त्यांना वस्तुस्थिती सांगितली, तेव्हा ते थक्क झाले. ही युक्ती कायद्यात बसणारी असली तरी तिला शोभिवंत म्हणता येणार नाही. नीट लिहिलेल्या मृत्युपत्राला अशा पिस्तुलाची गरज पडत नाही.

आता सारे काही एका माणसावर येऊन ठेपले. एमानुएल नोबेल हे लुडविग यांचे थोरले चिरंजीव. बाकूच्या तेलधंद्याचे आणि कुटुंबाच्या रशियन शाखेचे प्रमुख. काकांच्या मिळकतीत त्या तेलकंपनीचे मोठ्या प्रमाणावर समभाग होते. मृत्युपत्राप्रमाणे ते बाजारात विकले गेले असते तर कंपनीच हातची जाण्याची भीती होती. मृत्युपत्र मोडण्यात सर्वांत मोठा लाभ त्यांचाच होता आणि स्वीडनमधील चुलतभाऊ त्यांना आपल्या बाजूस ओढत होते. परंतु रशियन भाषेत एक्झिक्युटरला जो शब्द आहे त्याचा अर्थ आत्म्याचा कारभारी असा होतो, याची आठवण एमानुएल यांनीच सूलमन यांना करून दिली आणि त्या नात्याने वागण्यास सांगितले. फेब्रुवारी १८९८ मध्ये राजे ऑस्कर यांनी त्यांना बोलावून घेतले. तुमचे काका शांततावाद्यांच्या नादी लागले होते, भावंडांच्या हिताकडे पाहणे तुमचे कर्तव्य आहे, असा राजांचा सूर होता. आपल्या भावंडांनी शास्त्रज्ञांच्या हक्काचा पैसा बळकावला, असा ठपका पुढे कधी त्यांच्यावर यावा हे आपल्याला नको, असे एमानुएल यांनी राजांना नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. एका उद्योगपतीने आपल्या लाभाविरुद्ध, राजाच्या इच्छेविरुद्ध आणि रक्ताच्या नातलगांविरुद्ध घेतलेला हा निर्णय आहे. माझ्या मते या दानाचे खरे श्रेय देताना आल्फ्रेड यांच्या जोडीने एमानुएल यांचे नाव घेतले पाहिजे.

त्यानंतर तडजोडीची वाट मोकळी झाली. १८९८ च्या मे-जून महिन्यांत वारसांशी करार झाले. मिळकतीवरील काही काळाच्या व्याजाइतकी रक्कम घेऊन त्यांनी मृत्युपत्रावरील सर्व हरकती सोडल्या आणि तेलकंपनीचे समभाग एमानुएल यांना विकत घेता आले. कराराच्या ओघात एक शहाणपणाची अटही आली: प्रत्येक पारितोषिक निदान पाच वर्षांतून एकदा दिले गेलेच पाहिजे आणि त्याची रक्कम ठरलेल्या वाट्याच्या ६० टक्क्यांहून कमी असता कामा नये. मूळ मृत्युपत्रात पारितोषिकाचे तुकडे होण्याविरुद्ध असे कोणतेच कुंपण नव्हते. मग नियमावलीचे काम सुरू झाले. दान देणाऱ्या अकादम्या आणि मिळकत सांभाळणारी संस्था यांचे अधिकार वेगळे केले गेले. २९ जून १९०० रोजी राजांनी नोबेल प्रतिष्ठानची नियमावली मंजूर केली आणि मृत्युपत्रातील तो निधी, त्याच्या कर्त्याच्या निधनानंतर साडेतीन वर्षांनी, कायद्याच्या जगात जन्माला आला.

आपल्याकडील स्थितीशी तुलना करण्याचा मोह होतो. जैन समाजाला वारसाच्या बाबतीत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि मृत्युपत्राबाबत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. या सोपेपणामुळेच पुष्कळ कुटुंबांत ते घरीच, एखाद्या वहीच्या पानावर लिहिले जाते. बाह्य स्वरूपात असे कागद बहुतेक टिकतात. अडते ते, अमुक रक्कम धर्मकार्यास द्यावी एवढेच लिहून कोणत्या न्यासाला, कोणाच्या हातून, कोणत्या कामासाठी हे मोघम सोडले जाते तेथे.

१० डिसेंबर १९०१ रोजी, नोबेल यांच्या पाचव्या पुण्यतिथीस, पहिली पारितोषिके दिली गेली. क्ष-किरणांचा शोध लावणारे राँटगेन आणि रेडक्रॉसचे संस्थापक हेन्री ड्युनांट हे त्या पहिल्या मानकऱ्यांपैकी होत. प्रत्येक पारितोषिक सुमारे १,५०,००० क्रोनरचे होते. १९१३ मध्ये रवींद्रनाथ टागोरांना आणि १९३० मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांना ते मिळाले.

मृत्युपत्रातील एक शब्द मात्र त्यानंतरही त्रास देत राहिला. सुरक्षित रोखे म्हणजे सरकारी कर्जरोखे व तत्सम कागद, असा अर्थ विश्वस्तांनी सुरुवातीस लावला. दोन महायुद्धांच्या काळात महागाई वाढली, कर जड झाले आणि पारितोषिकाचे खरे मोल झिजत गेले. १९४६ मध्ये प्रतिष्ठानला करमाफी मिळाली. १९५३ च्या सुमारास समभाग व स्थावर मिळकतीत गुंतवणुकीची मुभा मिळाली, तेव्हा निधी पुन्हा वाढू लागला. आरंभीचे मोल १९९१ मध्ये भरून आले, म्हणजे नव्वद वर्षांनी.

सूलमन १९२९ ते १९४६ या काळात त्याच प्रतिष्ठानचे प्रमुख कार्यकारी अधिकारी होते. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. या सर्व घडामोडींची त्यांनी लिहिलेली हकीकत १९५० मध्ये स्वीडिशमध्ये प्रसिद्ध झाली. तिला त्यांनी दिलेल्या शीर्षकाचा अर्थ फक्त एक मृत्युपत्र एवढाच आहे.